टॉटर्स लेनमधली गाडी

ती गाडी तिथेच उभी राहिली असणार. काल रात्री ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेचा पहिला भाग पुन्हा पाहिला, आणि दिवा मालवल्यावर डोक्यात एवढंच फिरत राहिलं. इयनची गाडी, टॉटर्स लेनमध्ये, भंगारखान्याच्या फाटकाजवळ, धुक्यात. तिच्यात बसूनच तो आणि बार्बरा, दोघंही शिक्षक, आपल्या विद्यार्थिनीवर, सुझनवर, लक्ष ठेवून होते. खाली उतरले ते उतरलेच. दुसऱ्या दिवशी कोल हिल शाळेत इतिहासाचा तास रिकामा गेला असेल, विज्ञानाचाही. कुणीतरी त्यांच्या घरी चौकशी केली असेल. मग?

हा भाग मला पाठ आहे, तरी हे आधी कधी टोचलं नव्हतं. पूर्वी मी सुझनच्या बाजूने पाहायचे. वर्गात ती बोलून जाते की दशमान नाणी अजून आलेली नाहीत, आणि सगळा वर्ग हसतो. ती पद्धत ब्रिटनमध्ये खरोखर १९७१ साली आली, म्हणजे तो प्रसंग दाखवला गेल्यावर सात वर्षांनी. पोर बरोबरच होती! तेव्हा मला त्या हसणाऱ्या वर्गाचा राग यायचा. काल मात्र माझी नजर बार्बरावरून हलेना. हुशार मुलगी, हल्ली गृहपाठ बिघडलाय, घरी येऊन शिकवते म्हटलं तर घाबरते, आणि पत्त्यावर जाऊन पाहावं तर भंगारखाना. बार्बरा इथे चूक काय करते? काळजीच तर करते.

आणि तो म्हातारा, सुझनचा आजोबा, म्हणजेच डॉक्टर, तिला अशी वागणूक देतो. पुढे ज्या डॉक्टरवर आपण जीव टाकतो, तो हा नव्हे. हा टाळाटाळ करतो, हसून उडवतो, इयनला शब्दांत गुंडाळून वाटेला लावू पाहतो. विल्यम हार्टनेल ते फार अचूक करतात. एकीकडे दोघं जीव तोडून बोलतायत आणि हा भंगारातली एक जुनी तसबीर उचलून तीच निरखत बसतो. गंमत अशी की हे सौम्य केलेलं रूप आहे. आधी चित्रित केलेला भाग बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांनी नापसंत करून सगळा पुन्हा करायला लावला. त्या पहिल्या आवृत्तीतला डॉक्टर याहून कडवट आहे. तीही जपलेली आहे, पण ती आत्ता पाहायची हिंमत नाही.

‘तुम्हाला बोलावलं कोणी होतं?’ असं तो शब्दशः म्हणत नाही. पण त्याच्या प्रत्येक वाक्याखाली मला तेच ऐकू येत होतं. सोमवारपासून तेच वाक्य कानात आहे म्हणूनही असेल. धाकटीचा आवाज इतका थंड असू शकतो हे मला माहीत नव्हतं. असो.

काल मला खूप वाईट वाटलं. बार्बरासाठी, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठी. जो काळजी करतो त्यालाच फरफटत नेतात. ज्यांनी त्या पोरीकडे कधी ढुंकून पाहिलं नसेल, ते शाळेतले बाकीचे सगळे रात्री आपापल्या अंथरुणात सुखरूप. आणि ही दोघं डॉक्टरच्या कालयंत्रातून कुठल्या कुठे, अश्मयुगात! निरोप नाही, चिठ्ठी नाही. शेवटी तर डॉक्टर दार उघडतो म्हणतो, बार्बरा सुझनला विचारते की तू येतेस ना, आणि तेवढ्यात हा यंत्र सुरू करतो. त्या क्षणीसुद्धा तिला आपल्या सुटकेआधी पोरगी आठवते.

मग ते यंत्र सुटतानाचा तो आवाज. ब्रायन हॉजसन यांनी जुन्या पियानोच्या तारांवरून किल्ली खरवडून तो बनवला. हे ठाऊक असूनही अंगावर काटा येतो.

हे सगळं किती लहान वयाच्या माणसांनी केलं! निर्माती व्हेरिटी लँबर्ट २७ वर्षांची, दिग्दर्शक वारिस हुसेन २४ वर्षांचे, जन्म लखनौचा. लंडनमधला बीबीसीचा लाइम ग्रोव्हचा अडचणीचा स्टुडिओ. भाग दाखवला गेला २३ नोव्हेंबर १९६३ला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी तो पुन्हा दाखवला.

आज दुपारी राहवलं नाही, ते पेटीसारख्या दिसणाऱ्या कालयंत्राच्या दाराचं दृश्य परत लावलं. आतून सुझनचा आवाज येतो. डॉक्टर ओरडतो, दार लावायला बघतो, इयनशी झटापट होते. आणि बार्बरा आत शिरते. इयनच्याही आधी. तिला कोणी ढकललेलं नाही, ओढलेलं नाही. त्या पेटीत पोरगी कोंडलेली असेल असं वाटल्यावर तिला बाहेर थांबणं शक्यच नव्हतं. पळवून नेलं हे खरंच, त्याला मी माफ करणार नाही. पण त्या उंबरठ्याच्या आत ती स्वतःच्या पायांनी गेली. हे पाहिलं आणि कालपासून छातीत जे दाटून आलं होतं ते थोडं सैल झालं.

नंतरच्या भागातलंही आठवलं. जंगलातून जीव घेऊन पळताना, त्यांचा पाठलाग करणारा झा नावाचा आदिमानव जखमी होऊन पडतो, तर ही मागे वळते. डॉक्टर चिडतो, पण ती ऐकत नाही. जिला कालच फसवून आणलंय, जिला घरी कधी जाता येईल याची खात्री नाही, ती शत्रूच्या जखमेपाशी बसते. डॉक्टर पुढे बदलला, मऊ झाला, त्यात या बाईचा वाटा मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे.

आणि दोघं परतली ना! १९६५चं लंडन, हातातून दोन वर्षं गेलेली, तरी कबुतरांमध्ये लहान पोरांसारखी बागडतात. बसमध्ये इयन जुन्या दराने तिकीट मागतो तेव्हा कंडक्टर विचारतो, चंद्रावर होतात की काय. सुझन मात्र त्यांच्याबरोबर नाही. तिला तिच्या आजोबांनीच मागे ठेवलं, दार बाहेरून नव्हे, आतून लावून घेतलं. त्यावर लिहायला बसले तर रात्र पुरणार नाही.

रविवारी धाकटीकडे जाणार आहे. तिने बोलावलेलं नाही. ताईला सांगितलं, ती गप्प राहिली, मग म्हणाली, जाताना तिची ती निळी फाइल घेऊन जा, तिला लागेल. फाइल कपाटात वरच्या खणात आहे, उद्या काढून ठेवते.