रकान्यात न बसलेला राग

सिनेमाचे तुकडे दाखवून भावना मोजायच्या आमच्या प्रयोगात सहभागी खुर्चीत बसला की पहिली पाच मिनिटं मी पडद्यावर नुसतं समुद्राचं दृश्य लावते. छातीवर इलेक्ट्रोड, बोटांना घाम मोजणारे सेन्सर, आणि शेजारच्या खोलीत माझ्यासमोर ठोक्यांचा आलेख. त्या दिवशी आलेल्या गृहस्थांचे शांत बसल्यावरचे ठोके मिनिटाला ७२ होते.

भयपटाचा तुकडा सुरू झाला. अंधारा जिना, वर कुणाची तरी सावली. आणि आकडा ६६वर उतरला. नवीन असताना अशा वेळी मी धावत जाऊन इलेक्ट्रोड तपासायचे. आता जात नाही. धोका दिसतोय, पण अजून अंगावर आलेला नाही, अशा क्षणी माणूस सगळं लक्ष एकवटून थिजतो आणि मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस नर्व्ह हृदयाला लगाम घालते. घामाची रेघ मात्र त्याच वेळी वर चढत असते. दार धाडकन आपटलं तेव्हा कुठे ठोके ८४वर उडाले. भीती म्हणजे धडधड, हे अर्धंच खरं. थिजलेलं हृदय आलेखावर उमटताना बघणं मला अजूनही विलक्षण वाटतं.

पुढचा तुकडा खास रागासाठी निवडलेला होता, एका निरपराध माणसाच्या जाहीर अपमानाचा. ठोके जेमतेम ७५. प्रश्नावलीत शून्य ते आठपैकी रागाला त्यांनी २ दिले, दुःखाला ६. ग्रॉस आणि लेव्हनसन या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये भावना जागवणाऱ्या चित्रफितींचा संच मांडला, तेव्हाही राग अवघडच गेला. पडद्यावरचा अन्याय बघताना तो बहुधा इतर भावनांत मिसळूनच येतो.

शेवटी पाठलाग. ठोके ९०. तुकडा संपल्यावर मिनिटभराने मी आत गेले.

"कसं वाटतंय?"

"एकदम निवांत."

उठताना मी आलेखावर ८३ पाहिलं होतं. तरी त्यांच्या शब्दावर विसंबले, ही माझी चूक. प्रश्नावलीची दोन पानंही माझ्याकडून उलटसुलट लागली होती. "तेवढी पुन्हा भराल का?" असं विचारलं मात्र, त्यांनी पेन टेबलावर आपटलं. "तुम्हाला लोकांच्या वेळेची काही किंमत आहे की नाही?" आवाज इतका चढला की मी दोन पावलं मागे सरले.

संशोधक डॉल्फ झिलमन यांनी १९७१ मध्ये हेच मांडलं होतं: एका प्रसंगात चढलेली उत्तेजना लगेच ओसरत नाही, आणि उरलेली पुढच्या प्रसंगातल्या रागाला जोर देते. आपण शांत झालो असं माणसाला वाटतं, पण शरीर अजून शांत झालेलं नसतं, तेव्हा हे अधिक घडतं. हे मी कितीदा वाचलं होतं. तरी तुकडा संपल्यावर एकच मिनिट थांबले होते.

मी माफी मागितली, प्रयोग इथेच थांबवायचा का ते विचारलं. ते गोरेमोरे झाले. "मी असा ओरडत नाही हो कधी." मग मी त्यांना आलेख दाखवला. रेघ खाली येताना आम्ही दोघं बघत बसलो. ७३ दिसायला आठ मिनिटं लागली.

जाताना त्यांनी स्वतःच प्रश्नावली मागून घेतली. "मघाच्या रागाला सात. पण कुठल्या सिनेमाखाली लिहू?"

त्यासाठी रकाना नव्हता. मी तो सात समासात लिहिला.