शांत खोलीची धास्ती

सांगली, जूनचा तिसरा आठवडा

शाळा उघडली की गेटपाशी रडारड आलीच. नव्याने कामाला लागलेल्या मावशी तिलाच घाबरतात. पण रडणारं मूल निदान श्वास घेतंय एवढं तरी कळतं. घरगुती पाळणाघरात पोटात गोळा येतो तो अचानक आवाज बंद झाला की.

रडण्याचा उपाय ठरलेला आहे. पहिले तीन दिवस मूल तासभरच ठेवायचं, मग दोन तास, दुसऱ्या आठवड्यात जेवणापर्यंत. दुपारची झोप सगळ्यात शेवटी. आईने "तुझं जेवण झालं की येते" असं तोंडावर सांगून निघायचं. चारला येते म्हणून उपयोग नाही, तीन वर्षांच्या पोराला घड्याळ कळत नाही. आणि मूल खेळात रमलेलं बघून गुपचूप सटकायचं तर अजिबात नाही. दुसऱ्या दिवसापासून ते ओढणी सोडत नाही, मग दोष पाळणाघराला.

खरी नजर हवी डब्यावर. घास श्वासनलिकेत पुरता अडकला तर आवाजच निघत नाही. मूल नुसतं तोंड उघडून बघतं. आपल्याकडचे लाडके पदार्थच यात पुढे. भडंगात अख्खे शेंगदाणे, हंगामात द्राक्षं, पाहुण्यांनी दिलेले फुटाणे. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचं द्राक्ष उभं चिरून चार फोडी करायच्या. आडवं कापलं तर गोल चकती राहते आणि तीच नळीत बुचासारखी बसते. तासगावचा बेदाणा भिजवून, बारीक चिरून. शेंगदाणे कुटूनच. खायचं ते मांडी घालून. पळताना, हसताना घास नाही.

मूल खोकत असेल तर खोकू द्यावं. खोकला, आवाज दोन्ही बंद झाले तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा. एक वर्षावरच्या मुलाला त्यानंतर बेंबीच्या वर पोट पाच वेळा आत-वर दाबायचं; त्याहून लहान बाळाचं पोट दाबायचं नाही, छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेने पाच दाब. घास सुटेपर्यंत आलटून पालटून, आणि तेवढ्यात दुसऱ्याने १०८ लावायचा. न दिसणाऱ्या घासासाठी बोट घातलं की तो आणखी आत जातो. प्रत्येक मावशीला हे बाहुलीवर करायला लावावं, नुसतं सांगून हात चालत नाहीत.

न्हाणीघरातली बादली वापर झाला की पालथी. रांगत्या मुलाचं डोकं जड असतं, डोकावलं की तोल जातो आणि टीचभर पाण्यातूनही त्याला वर येता येत नाही.

साडेबारा ही सगळ्यात वाईट वेळ. बालवाडी सुटते, पाळणाघराची मुलं राहतात, गेटवर स्कूटर, रिक्षा, आजोबा एकदमच. वही घेतलेल्या माणसाने तेव्हा दुसरं काही करायचं नाही, कुणाचं नाकसुद्धा पुसायचं नाही. नेणाऱ्याची सही, नवा चेहरा असेल तर आधी आईला फोन. गेट लागलं की डोकी मोजायची, सतरंजीवर पुन्हा एकदा.

मग खिचडी. वीस मुलांना पाऊण किलो तांदूळ, पाव किलो मुगाची डाळ. तूप वरून, नाहीतर पातेल्याच्या तळाला राहतं.

झोपेच्या खोलीत एक मोठं माणूस बसूनच, मोबाइल बाहेर. बाळ पाठीवर, उशी नाही, तोंडात बाटली नाही.

जुलै-ऑगस्टात कृष्णेचा पूरही असाच न ओरडता येतो. सांगलीत ऊन असतं, पाऊस कोयना-महाबळेश्वरकडे पडलेला असतो. नदीवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. नदीकाठच्या भागात तळमजल्यावर पाळणाघर असेल तर चाळिसाची वाट बघू नये. पातळी झपाट्याने चढतेय असं दिसलं की त्याच दुपारी पालकांना बोलवावं. फोन नंबर वहीत शाईने लिहिलेले हवेत, आणि वही प्लॅस्टिकच्या पिशवीत, वरच्या फळीवर.