बोट उचललं तरी सूर चालूच

मला हवं होतं एवढंच की ४९ कीजचा माझा मिडी कीबोर्ड (कुठली की दाबली ते कॉम्प्युटरला आकड्यांत सांगणारा) दोन भागांत वाजावा, डावा हात एक सप्तक खाली आणि उजवा जसाच्या तसा, आणि वाजवता वाजवता पट्टी पण बदलता यावी. कीबोर्डमध्ये ही सोय नाही. पण लिनक्सवर आल्साचा, म्हणजे लिनक्सच्या आवाजाच्या यंत्रणेचा, सीक्वेन्सर असतो, तो मिडीचे मेसेज इकडून तिकडे पोचवतो, त्यात प्रत्येक प्रोग्रामला आपापले पोर्ट, म्हणजे मेसेज आत-बाहेर जायची दारं, मिळतात आणि कुठलाही कुठल्याहीला जोडता येतो, म्हणजे कीबोर्ड आणि आकड्यांवरून आवाज काढणाऱ्या फ्लुइडसिंथच्या मधे आपली पायथन स्क्रिप्ट आरामात बसते. मला लिनक्सची ही गोष्ट मनापासून आवडते.

पायथनमध्ये मिडो ही मिडीची लायब्ररी घेतली, तिच्या खाली पोर्टशी प्रत्यक्ष बोलणारं आरटीमिडी. व्हर्च्युअल, म्हणजे स्क्रिप्टने स्वतः बनवलेला, आउटपुट पोर्ट उघडला की तो लगेच एकनेक्टच्या (पोर्ट दाखवणारी आणि जोडणारी कमांड) यादीत दिसतो. एक लक्षात ठेवा, पोर्टच्या नावाच्या शेवटी २४:० असा जो आकडा असतो तो यूएसबी काढून परत लावली की बदलू शकतो, तो स्क्रिप्टमध्ये लिहू नका, नुसतं नाव द्या, मिडो बरोबर शोधतं.

पहिली स्क्रिप्ट वीस ओळींची झाली आणि लगेच सूर अडकायला लागले. बोट उचललं तरी आवाज चालूच.

मिडीमधून आवाज जातच नाही, नुसते आकडे जातात. मधला सी दाबला की १४४, ६० आणि किती जोरात दाबला त्याचा १२७ पर्यंतचा आकडा. सोडला की १२८ म्हणजे नोट ऑफ, किंवा परत १४४ च पण जोर शून्य, दोन्ही चालतं, १९८३ पासून असंच आहे. माझा कीबोर्ड दुसऱ्या प्रकारचा निघाला. मी एसेकडम्प, म्हणजे आलेले मेसेज छापणारी कमांड, लावून बघत होते, तिथे मस्त नोट ऑफ लिहून यायचं, कारण तो शून्य जोर बघून स्वतःच नोट ऑफ छापतो, आणि मिडो मात्र तोच मेसेज नोट ऑन म्हणूनच देतं! शेवटी एमिडी या कमांडने कच्चे बाइट्स बघितले तेव्हा खरं काय ते दिसलं.

शून्य जोराचा नोट ऑन म्हणजेही की सोडली असं स्क्रिप्टला धरायला लावलं, तरी कधीतरी एखादा सूर अडकायचाच, आणि यात दोन संध्याकाळी गेल्या. सगळ्यात वरच्या दोन कीज, ८३ आणि ८४, मी पट्टी बदलायला ठेवल्या होत्या. समजा ६० दाबून धरलाय आणि तेवढ्यात पट्टी अर्धा सूर वर केली. आता बोट उचललं की स्क्रिप्ट ६१ ला बंद हो म्हणते, वाजतोय ६०, त्याला कोणी काही सांगतच नाही. म्हणून सोडताना नव्याने हिशोब करायचाच नाही. की दाबली तेव्हा कुठला सूर पाठवला ते डिक्शनरीत (पायथनमधली कुठल्या कीला कुठला सूर अशी नोंदवही) टाकायचं आणि सोडताना तिथूनच काढून बंद करायचं. आणि पट्टी बदलल्यामुळे दोन वेगळ्या कीज एकाच सुरावर येऊ शकतात, मग एक सोडली की दुसरीचाही आवाज जातो, त्यासाठी प्रत्येक सुराचा काउंट ठेवला, शून्य झाला तरच नोट ऑफ.

वेळेचं म्हणाल तर आधी मी दर १० मिलिसेकंदांनी नवीन मेसेज आलाय का बघत होते, त्याने ताल विस्कटल्यासारखा वाटायचा. त्यापेक्षा सरळ पोर्टवर फॉर लूप लावा, मेसेज येईपर्यंत तो थांबून राहतो आणि आला की लगेच पुढे. बाकी उशीर बहुतेक ऑडिओ बफरचा, म्हणजे आवाज बाहेर पडण्याआधी जेवढा साठतो त्या तुकड्याचा, असतो, सेकंदाला ४८००० फ्रेम्स (आवाजाचे नमुने) असतील तर २५६ फ्रेम्स म्हणजे साधारण ५.३ मिलिसेकंद.

आणि स्क्रिप्ट मधेच बंद केली तरी सूर लटकतात, त्यामुळे फायनलीमध्ये (पायथनचा शेवटी चालणारा भाग) आधी कंट्रोलर ६४ ला, म्हणजे सूर धरून ठेवणाऱ्या पेडलला, शून्य पाठवून ते सोडवते, मग १२३, म्हणजे सगळ्या नोट्स बंद. नुसता १२३ पाठवला आणि पेडल दाबलेलं असलं तर सूर तसेच रेंगाळतात. काल अर्धा तास वाजवलं, दर दोन मिनिटांनी मुद्दाम की धरून पट्टी बदलली, एकही सूर अडकला नाही.