तुम्ही विचारलंत म्हणून: पुरुषाला याचा काय त्रास?

स्त्री-पुरुषांच्या ठरावीक प्रतिमांविषयी मी काही बोललो की एक प्रश्न हमखास येतो: "तुम्ही तर पुरुष आहात, तुम्हाला याचा काय त्रास?" कधी तो कुतूहलाने विचारला जातो, तर कधी मी स्त्रियांच्या नजरेत भरण्यासाठी हे बोलतो, अशा संशयाने. आजवर मी "हा सगळ्यांचाच प्रश्न आहे" असे मोघम उत्तर देत आलो. त्याने विचारणाऱ्याचे समाधान होत नसे आणि माझेही होत नसे.

हा त्रास सर्वांना सारखा होतो, असा माझा दावा नाही. अंधार पडल्यावर एकट्याने चालताना मला मागे वळून पाहावे लागत नाही. बैठकीत मी गप्प बसलो तर मी विचार करतो आहे असे समजले जाते. माझी एखादी सहकारी तेवढाच वेळ गप्प राहिली तर तिला विषय कळलेला नाही, असे गृहीत धरले जाते. याचा फायदा मला मिळाला आहे आणि आजही मिळतो. परंतु ज्या नजरेने माझ्या गप्प राहण्याला वजन येते, तीच नजर माझ्या रडण्याकडेही पाहते, आणि तिथे हिशेब वेगळा होतो.

जॉन आणि सँड्रा कॉन्ड्री या संशोधकांचा १९७६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. नऊ महिन्यांच्या एका बाळाचे चित्रण त्यांनी लोकांना दाखवले. पेटीतून एकदम उसळून वर येणाऱ्या खेळण्यामुळे ते बाळ बिथरते. चित्रण सर्वांसाठी एकच होते. मात्र काहींना हा मुलगा असल्याचे सांगितले आणि काहींना ही मुलगी असल्याचे. मुलगा समजून पाहणाऱ्यांना त्या प्रतिक्रियेत राग अधिक दिसला, तर मुलगी समजून पाहणाऱ्यांना भीती. हे वाचल्यावर मला माझ्याच आयुष्यातील एका संध्याकाळचा थोडाफार उलगडा झाला.

माझा मोठा भाऊ गेला, त्या काळात मी एका स्त्रीबरोबर होतो आणि आम्ही पुढचे बेतही करू लागलो होतो. "तू मनातले काही सांगतच नाहीस," ही तिची माझ्याविषयीची एकमेव तक्रार होती, आणि ती खरी होती. भावाच्या मृत्यूनंतरचे सगळे मीच पाहिले: रुग्णालयातील कागदपत्रे, नातेवाइकांना कळवणे, आईजवळ रात्री जागणे. मी खंबीर आहे असे लोक म्हणत आणि तीही म्हणे. काही आठवडे गेल्यावर एका संध्याकाळी, तिच्या घरी बोलता बोलता, तिने माझ्या लहानपणाविषयी काहीतरी अगदी साधे विचारले आणि मला रडू कोसळले. डोळे भरून आले एवढ्यावर ते थांबले नाही. श्वास अडकू लागला, आवाज फुटला, आणि बराच वेळ मला ते आवरता आले नाही. तिने आधी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग तो हात निघाला. ती पाणी आणायला आत गेली आणि पाणी आणायला लागतो त्याहून कितीतरी अधिक वेळ आतच राहिली. मी तोंड धुऊन आलो तेव्हा आम्ही दोघेही दुसऱ्याच विषयावर बोलू लागलो. काही दिवसांनी ती म्हणाली, "तुला तसे पाहिल्यापासून मला तुझा आधार वाटेनासा झाला आहे. असे वाटू नये हे मला कळते, पण वाटते." त्यानंतर आम्ही फार दिवस एकत्र राहिलो नाही.

त्या वेळचा मी म्हणे की ती दुटप्पी होती: मन मोकळे कर म्हणाली आणि केल्यावर निघून गेली. आज मी त्याच्याशी सहमत नाही. तिने काहीही लपवले नाही, आणि पुरुष म्हणजे आधार हे चित्र तिने रंगवलेले नव्हते. यावर तो जुना मी विचारतो, की मग समजून घेण्याचे कामही माझ्याकडेच का? त्याला देण्याजोगे उत्तर माझ्यापाशी नाही. पुढच्या वेळी जरा सांभाळून, असा सल्ला मला मित्रांनी दिला, आणि मी तो बराच काळ पाळला, हेही इथे सांगायला हवे.

जाहिरातींवर मी अकारण चिडतो, असे तुम्ही म्हणता. ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने जून २०१९ पासून जाहिरातींतील हानिकारक लिंगभाव साच्यांना, म्हणजे स्त्री-पुरुषांच्या अशा ठरावीक प्रतिमांना, मनाई केली. त्या नियमानुसार सर्वप्रथम रोखलेल्या जाहिरातींपैकी एकीत, खाण्याच्या नादात बाळांकडे दुर्लक्ष करणारे बाप दाखवले होते. यात काय बिघडले? पुरुषाला कोणाला सांभाळता येत नाही आणि त्याला स्वतःला सांभाळून घेण्याची गरज पडत नाही, हे दोन्ही मला एकाच मुशीतले वाटते.

डेटिंगच्या जगात काही नियम बदलून पाहिले गेले आहेत. स्त्री आणि पुरुष यांची जोडी जुळल्यास पहिला संदेश स्त्रीनेच पाठवायचा, ही अट घेऊन २०१४ मध्ये बंबल हे ॲप आले. २०२४ मध्ये ती अट सैल झाली आणि स्त्रीने आधीच लिहून ठेवलेल्या प्रश्नाला पुरुषाने उत्तर देऊन संभाषण सुरू करण्याची सोय झाली. कोणी आधी बोलावे हे असे ठरवता येते आणि बदलताही येते. जोडीदार हमसून रडू लागला तर आपल्या मनात काय उमटावे, हे मात्र कोणी कुठे लिहून ठेवलेले नसते, त्यामुळे ते बदलायचे कुठून, हेच समजत नाही.

मग तिने थांबायला हवे होते का, असे तुम्ही विचाराल. केवळ माझी कीव आली म्हणून कोणी थांबावे, अशी माझी अपेक्षा तेव्हाही नव्हती. तिच्या जाण्याला माझी हरकत नाही, पण जाण्याचे कारण मला मान्य नाही. आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी म्हणण्याचा अधिकार मला आहे की नाही, हे माझे अजून ठरलेले नाही.