अण्णांची माळ पुढे कुणीच का नाही घातली? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नकार्यात, कुणाच्या तेराव्याला, आता तर फॅमिली ग्रुपवरसुद्धा मला एकच प्रश्न येतो. "तुमचे अण्णा एवढे माळकरी, एकतीस वाऱ्या केल्या, दिंडीत वीणा असायचा त्यांच्याकडे, आणि नातवंडांतल्या एकाच्याही गळ्यात माळ नाही, असं कसं हो झालं?" विचारणारे बहुतेक माझ्याच वयाचे, साठीच्या अलीकडे-पलीकडे, आणि उत्तर त्यांच्याकडे आधीच तयार असतं: मोबाईल, इंग्लिश मीडियम, हॉस्टेल, पुणे. मी इतकी वर्षं "काळ बदलला" एवढं म्हणून पानावर बसायचे. पण परवा मावसबहिणीने जरा रडकुंडीला येऊनच विचारलं, तिचा मुलगा देवाला दिवासुद्धा लावेना झालाय, म्हणून आता एकदा बसून लिहिते. लांबेल, आधीच सांगते.

तर पहिली गोष्ट, माळ नातवंडांनी नाही सोडली. आधी मी सोडली.

आमचं गाव फलटण तालुक्यात, तरडगावच्या अलीकडे. माऊलींची पालखी लोणंदहून निघाली की चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, ते आम्ही दरवर्षी बघायचो, अण्णांच्या खांद्यावर बसून आणि पुढे पुढे गर्दीत चेंगरून. त्या दिवशी आमच्या घरी चुलीवर दोनशे-अडीचशे भाकऱ्या पडायच्या, पिठल्याची पातेली, खर्डा, आणि अंगणात अनोळखी माणसं जेवून एकमेकांच्या पाया पडायची, म्हातारा पोराच्या पाया पडायचा, आणि ते मला फार भारी वाटायचं. 1979 ला कार्तिकीला पंढरपुरात माझ्या गळ्यात माळ घातली, मी अकरा वर्षांची. मटण-मासे नाही, खोटं बोलायचं नाही, एकादशी धरायची, रोज हरिपाठ. मला काही जड गेलं नाही कारण सगळी आळीच एकादशी करायची, त्यामुळे उपवास आहे असं वाटायचंच नाही, सणच वाटायचा.

मग 1985 ला पुण्यात हॉस्टेलला आले. मेसमध्ये एकादशीला मला दोन केळी मिळायची आणि बाकीच्या मुली पोळी-भाजी खायच्या. हरिपाठाच्या वेळेला पाण्याची लाईन. कुणी मला अडवलं नाही की हसलं नाही, खोटं कशाला बोलू. फक्त गावात जे सगळ्यांचं मिळून होतं ते इथे माझ्या एकटीचं झालं, आणि एकटीने करताना पहिल्यांदा कळलं की मी हे का करते ते मला सांगता येत नाही. दुसऱ्या वर्षी अंघोळ करताना माळेचा दोरा तुटला. मणी गोळा केले, पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकले, सुट्टीत ओवून घेऊ म्हटलं. दिवाळीला घरी गेले, अण्णांनी एकदा गळ्याकडे बघितलं आणि पाणी मागितलं. तुटली की काढली हे त्यांनी मरेपर्यंत विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

म्हणजे बघा, हे सगळं मोबाईल येण्याच्या आधीचं आहे.

आणि आईचं तर कुणी बोलतच नाही. अण्णांची एकादशी खरं तर आई करायची. भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळी, आणि ज्यांचा उपवास नाही त्यांचा वेगळा स्वयंपाक, आणि दुसऱ्या दिवशी बारस सोडायची म्हणून पहाटे चारला उठून पुन्हा सगळा सैपाक, महिन्यातून दोन वेळा, वर्षाच्या चोवीस एकादश्या, अधिक महिना आला की सव्वीस. अण्णा वारीला गेले की तीनेक आठवडे गुरं, पेरणीची धावपळ आणि आम्ही चौघं तिच्या अंगावर. ती स्वतः पायी वारीला एकदाही गेली नाही, पंढरपूर बघितलं ते एसटीने. मी लग्न होऊन चिंचवडला आले, दीड खोलीत, नवऱ्याच्या शिफ्ट, माझी शाळेची नोकरी, सासरी दर रविवारी मटण, तिथे मी आईसारखं राबणार होते का? नाही. म्हणून आमच्या घरात आषाढी, कार्तिकी आणि भिंतीवर विठोबाचं कॅलेंडर एवढंच उरलं. आता मुलांनी ते कॅलेंडर पण काढलं तर लोक म्हणतात मुलं बिघडली.

पण हे सगळं मी तसं हसत सांगू शकते. आता जे सांगणार आहे ते नाही सांगू शकत.

मुलगी चौदा वर्षांची असताना, 2011 ची गोष्ट, गावी सप्ताह होता. तिला आजोबांचं भयंकर वेड. ज्ञानेश्वरीच्या पारायणाला तीच हट्टाने बसली, एवढ्या बायका-बाप्यांमध्ये फ्रॉकवाली एकटीच, आणि तुम्हाला सांगते स्वच्छ वाचायची, ओवी कुठे तुटते ते बरोबर कळायचं तिला. अण्णा दुरून बघत बसायचे. चौथ्या दिवशी सकाळी तिला पाळी आली. आणि कुणी महाराज नाही, कुणी म्हातारी नाही, मी, शाळेत मुलींना शरीरशास्त्र शिकवणारी बाई, मीच तिला म्हणाले की आता मांडवात जाऊ नको, ग्रंथाला हात लावू नको. ती म्हणाली, "माऊलींना चालणार नाही का?" मी म्हणाले, "तसं नसतं गं." "मग कसं असतं?" "असतं तसं. आता वाद घालू नको, लोक आहेत."

ती मागच्या खोलीत बसून राहिली, स्पीकरवरून मांडवातलं वाचन ऐकू येत होतं. काल्याच्या कीर्तनाला आली नाही. त्यानंतर ज्ञानेश्वरी तिने उघडली नाही आणि मला त्या विषयावर प्रश्नही विचारला नाही. मला वाटलं विसरली. आपल्याला ना, मूल प्रश्न विचारायचं थांबलं की वाटतं त्याला पटलं.

पाच-सहा वर्षांनी कॉलेजातून रात्री फोन. "आई, तुला सोयराबाई माहीत आहे?" म्हटलं, चोखोबांची बायको, का? तर तिने मला सोयराबाईंचा विटाळाचा अभंग वाचून दाखवला, त्याचा अर्थ साधारण असा की देहाला विटाळ विटाळ म्हणता, पण विटाळाशिवाय जन्मलेला एक तरी देह जगात दाखवा. चौदाव्या शतकातली बाई! म्हणजे माझ्या मुलीने मागच्या खोलीत बसून जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर सहाशे-साडेसहाशे वर्षांपूर्वी आमच्याच संप्रदायातल्या बाईने देऊन ठेवलं होतं, आणि मी, तीस-चाळीस वर्षं हरिपाठ तोंडपाठ असलेली, मला ते माहीतच नव्हतं. मुलगी रागावली नव्हती. ती फक्त म्हणाली, "आई, ही आपल्याच घरातली ना? मग मला कॉलेजात का भेटली?"

माझं तर मत असंच झालंय की पोरं देवाला कंटाळून जात नाहीत. ती आमच्याजवळ प्रश्न घेऊन येतात, आमच्याकडे फक्त पाठांतर असतं, आणि "असतं तसं" दोन-तीनदा ऐकलं की ती शहाणी होतात आणि यायची थांबतात. भांडत नाहीत, जाहीर करत नाहीत. सरकारी कागदावर हिंदूच राहतात. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या देशात धर्म न सांगितलेले लोक 29 लाखांच्या आसपास, पाव टक्कासुद्धा नाही, आणि प्यू नावाच्या अमेरिकन संस्थेने 2019-20 मध्ये भारतात तीसेक हजार लोकांना विचारलं तर 97 टक्के म्हणाले देव मानतो. तेव्हा कागदावर कुणी कुठे गेलेलं नाही. गेलेली पोरं बघायची तर संध्याकाळी सातला घरात बघा.

दुसरं एक उदाहरण देते, नाव-गाव सांगत नाही. अण्णांच्या नंतर वीणा माझ्या एका चुलतभावाकडे आला. माणूस चांगला, गळा गोड, दिंडीत कुणाच्याही पायावर डोकं ठेवेल, जात विचारणार नाही. त्याच्या मुलाने कॉलेजातल्या मुलीशी लग्न ठरवलं, मुलगी दुसऱ्या जातीची, आपण ज्यांना गावात मारुतीच्या पारावर बसू देत नव्हतो त्यांच्यातली. भाऊ लग्नाला गेला नाही. "भेदाभेद भ्रम अमंगळ" तो कीर्तनात मागे उभा राहून हजार वेळा म्हणाला असेल, पण मला म्हणाला, "ताई, वारीतलं वारीत, सोयरिकीतलं सोयरिकीत." हे वाक्य माझ्या कानातून जात नाही. चोखोबांना आयुष्यभर देवळात घेतलं नाही, त्यांची समाधी महाद्वारापाशी, नामदेव पायरीजवळ आहे, आपण सगळे तिला हात लावून आत जातो. 1947 ला साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले तेव्हा कुठे ते दार दलितांना उघडलं, म्हणजे आमचे अण्णा तेव्हा दहा वर्षांचे होते, फार जुनी गोष्ट नाही ही. आणि त्याच दारातून आत जाणारा माझा भाऊ स्वतःच्या सुनेला उंबऱ्याच्या आत घेत नाही.

भाचा आता पुण्यात असतो. त्याच्या घरात देव्हारा नाही. मी सहज विचारलं, तर म्हणाला, "आत्या, मला विठोबाचा राग नाही, पप्पांचा आहे. पण आमच्या हॉलमधल्या फोटोत दोघं शेजारी उभे आहेत ना, एकाला काढून दुसरा कसा ठेवू?"

याला काय उत्तर देणार? मी चहा प्याले आणि आले.

कीर्तनाचं थोडक्यात सांगते कारण माझं डोकं फिरतं. अण्णांच्या वेळी कीर्तनकार रात्री आमच्याकडे मुक्कामाला असायचे, पिठलं-भाकरी खायचे, आणि लोक पहाटेपर्यंत शंका विचारत बसायचे. आता बुवा गाडीतून येतात, मुलींच्या जीन्सवर, मोबाईलवर, सुनांवर दोन तास विनोद, मोठ्ठा साऊंड, पाकीट, गाडी पुढच्या गावाला. सगळे असे नाहीत, अजूनही फार चांगले लोक आहेत. पण समोर बसलेल्या कॉलेजच्या मुलीने दोन तास स्वतःचीच टिंगल ऐकायची आणि पुन्हा पुढच्या वर्षी पण यायचं? का म्हणून?

आता कुणीतरी म्हणणारच की मग वारीत तरुणांची एवढी गर्दी कशी, आयटीवाल्यांच्या दिंड्या काय, रील्स काय. खरंय. माझा मुलगाही गेला होता, ऑफिसच्या ग्रुपबरोबर, पुणे ते सासवड. मी आधी नाक मुरडलं, म्हटलं एक दिवसाची हौस. आणि गंमत म्हणजे ती चाल बहुतेक एकादशीलाच येते, तर हा पठ्ठ्या दिवे घाटात वडापाव खात उभा! शेजारी बीडकडच्या एक आजी बसल्या होत्या, पायाला फोड, याने त्यांची पिशवी घेतली होती सकाळपासून. हा ओशाळला, म्हणाला आजी सॉरी, मला माहीत नव्हतं आज एकादशी आहे. आजी म्हणाल्या, "खा की लेकरा, चढ हाय अजून." आणि वर स्वतःच्या पुडीतले शेंगदाणे दिले. मुलगा घरी येऊन मला पाच वेळा हेच सांगत होता. अण्णांच्या एकतीस वाऱ्यांबद्दल मी त्याला लहानपणापासून एवढं सांगितलं, त्यातलं त्याला काही आठवत नाही, पण त्या आजींचं वाक्य पाठ आहे. माळ तो घालणार नाही, मला माहीत आहे. पुढच्या वर्षी जाणार आहे म्हणाला, जाईल तेव्हा खरं.

मुलगी कधीच जात नाही. तिचं तिचं बरं चाललंय, एका रात्रशाळेत आठवड्यातून दोन दिवस फुकट शिकवते, खोटं बोलत नाही, माणसाची जात विचारत नाही. अण्णांनी माझ्या गळ्यात माळ घालताना जे जे सांगितलं होतं त्यातलं एकादशी आणि हरिपाठ सोडून बरंचसं ती करते, पण हे असं म्हणून मी तिला जबरदस्तीने वारकरी ठरवणार नाही, तिला ते आवडणार नाही. मी एकदा त्या सप्ताहाबद्दल तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे गं." त्या "जाऊ दे"मध्ये काय होतं मला अजून नीट कळलेलं नाही.

पावडरचा डबा कपाटात आहे. मणी मोजले नाहीत कधी, एखाद-दोन बाथरूममध्येच वाहून गेले असतील.

मावसबहिणीला फोनवर मी यातलं काही सांगितलं नाही, एवढं सगळं बोलणं होतं कुठे. फक्त विचारलं की दिवा लावायचं बंद करायच्या आधी त्याने तुला काही विचारलं होतं का, आठव जरा. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हो गं, यांच्या श्राद्धाच्या दिवशी काहीतरी विचारत होता खरा. मी सैपाकात होते."