मुलाखतीनंतर उत्तर न देणाऱ्या कंपन्यांबद्दल

नकाराचा मेल आला की त्या रात्री मला झोप लागते. काहीच आलं नाही की लागत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या कारखान्यातली लाईन बंद झाली, तेव्हापासून मी नोकरी शोधतोय. अर्ज करणं जमतं, मुलाखत जमते, ‘नाही’ ऐकणंही आता जमायला लागलंय. पण मुलाखत देऊन आल्यावर समोरून काहीच न येणं अजून सोसत नाही. माझ्यासोबत बाहेर पडलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं हेच म्हणणं आहे, म्हणून लिहायला बसलो.

मी क्वालिटीतला माणूस. चाकण भागातल्या एका टियर-टू पुरवठादाराकडे, म्हणजे गाडी कंपनीच्या पुरवठादाराला माल देणाऱ्या कारखान्यात, होतो. क्लच आणि ब्रेकला लागणारे भाग आम्ही मशीन करून द्यायचो. ज्या गाडीसाठी ते जायचे ती ग्राहकाने बंद केली आणि लाईनला काम उरलं नाही. हिशेब वेळेवर झाला, ग्रॅच्युइटी मिळाली, रिलीव्हिंग लेटर हातात आलं. प्लांट हेडनी प्रत्येकाला केबिनमध्ये बोलावून समोर बसवून सांगितलं, ऑपरेटरांनासुद्धा. ऐकताना पोटात गोळा आला, पण सांगणारा माणूस समोर होता. त्या कंपनीबद्दल माझ्या मनात काही नाही.

त्यानंतर जे सुरू झालं ते वेगळं. रांजणगावच्या एका कंपनीचं सांगतो. आधी फोनवर बोलणं झालं, मग व्हिडिओवर टेक्निकल राउंड, मग प्लांटवर बोलावलं. निगडीहून मोटरसायकलवर गेलो. त्यांनी शॉप फ्लोअर दाखवला, एका कास्टिंगमध्ये (ओतीव भागात) पोरोसिटीमुळे, म्हणजे आत राहणाऱ्या बारीक पोकळ्यांमुळे, येणारं रिजेक्शन दाखवलं आणि विचारलं, तुम्ही काय कराल? आम्ही तासभर त्या पार्टभोवती उभे होतो. कुठल्या शिफ्टला जास्त येतं, डायचं (साच्याचं) तापमान कोण बघतं, मशीनिंगनंतर कळतंय की लीक टेस्टला, असं सगळं बोलणं झालं. तिथले साहेब म्हणाले, ‘असाच माणूस हवाय.’ एचआरच्या मॅडमनी तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि फॉर्म 16 मागून घेतला. ‘शुक्रवारपर्यंत कळवतो सर.’

शुक्रवार गेला. पुढच्या आठवड्यात मी मेल केला. त्यानंतर फोन केला, तर ‘प्रोसेसमध्ये आहे सर’. पुढे फोन उचलणं बंद झालं. पोर्टलवर माझ्या अर्जासमोर ‘पाहिला’ अशी खूण तशीच आहे आणि त्या जागेची जाहिरातही तशीच आहे.

अशा वेळी उत्तर बाहेरून येत नाही, म्हणून मन आतून बनवतं. पगाराचा आकडा जास्त सांगितला का? वय आड आलं का? एसपीसीच्या, म्हणजे आकडेवारीने प्रक्रियेवर लक्ष ठेवण्याच्या, प्रश्नाला मी अडखळलो ते त्यांनी टिपलं का? एक कारण खोडलं की दुसरं उभं राहतं, आणि प्रत्येक कारणात दोष माझाच असतो. ‘आम्हाला डाय कास्टिंगचा अनुभव असलेला माणूस मिळाला’ एवढं एक वाक्य आलं असतं तर हे सगळं त्याच संध्याकाळी संपलं असतं.

माझं अर्धं आयुष्य नाकारण्याच्या कामात गेलंय म्हणून मला हे जास्त लागतं. आमच्याकडे पुरवठादाराचा लॉट परत करायचा तर लाल टॅग लावून नुसता लोटून देता येत नाही. कुठलं माप, ड्रॉइंगवर किती, प्रत्यक्षात किती, कुठल्या गेजवर तपासलं, हे सगळं लिहायचं, फोटो जोडायचा. त्यावर पुरवठादार 8डी, म्हणजे चूक का झाली आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं याचा अहवाल, भरून पाठवतो आणि तोही आपण वाचून उत्तर द्यायचं असतं. आयएटीएफ 16949 चं, म्हणजे वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं, सर्टिफिकेट भिंतीवर लावलेल्या प्रत्येक कारखान्यात ही शिस्त आहे, ऑडिटर येऊन तपासतो. दोन रुपयांच्या वॉशरला नाकारण्याचं कारण मिळतं. त्याच कारखान्याच्या गेटमधून मुलाखत देऊन बाहेर पडलेल्या माणसाला मिळत नाही. ज्यांना एक काम जमतं त्यांना दुसरं जमणार नाही, हे मला पटत नाही.

आता दुसरी बाजू. मी वर्षानुवर्षं मुलाखतीच्या पॅनेलवर बसलोय, त्यामुळे उत्तर का अडकतं हे मला ठाऊक आहे. पुष्कळदा कारण उमेदवारात नसतंच. ग्राहकाचं शेड्यूल पुढे गेलं की जागा ‘होल्ड’वर जाते. मुख्यालयातून मंजुरी यायची असते. ज्याच्या जागी भरती चाललीय तो राजीनामा मागे घेतो. आणि सगळ्यात जास्त वेळा घडतं ते असं: पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला ऑफर दिलेली असते, त्याचा नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असतो, आणि तो खरंच रुजू होईल याची कोणाला खात्री नसते. या काळात तो दुसरीकडची ऑफर घेऊन निघून जाऊ शकतो. म्हणून दुसऱ्या पसंतीच्या माणसाला ना हो म्हणतात, ना नाही. त्याला तीन-तीन महिने तसंच टांगून ठेवतात. एचआरमधल्या मुलीला वरून सांगितलेलं असतं, ‘त्यांना अजून नाही म्हणू नका.’ तिच्यावर मी चिडत नाही.

हे कळल्यावर रांजणगावचं दुखणं थोडं कमी झालं. मी कदाचित दुसरा असेन. पण मग तेच सांगा की. ‘तुम्ही दुसरे आहात, पहिला रुजू झाला नाही तर तुम्हाला बोलावू, तोवर तुम्ही इतरत्र बघा.’ यात कंपनीचं काही जात नाही. प्रौढ माणसं आहोत, घर चालवतोय, एवढं आम्ही समजू शकतो.

माझा आतेभाऊ कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो, मशीन शॉपमध्ये आहे. त्याच्याशी बोलताना कळलं की त्यांच्या ओंटारिओ प्रांतात 1 जानेवारी 2026 पासून नियमच झालाय. पंचवीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या कंपनीने जाहीर जाहिरात देऊन मुलाखत घेतली, तर शेवटच्या मुलाखतीपासून 45 दिवसांच्या आत उमेदवाराला कळवायचं, की निर्णय झाला की नाही. कारण सांगायची सक्ती नाही. फक्त कळवायचं. मला ते ऐकून फार बरं वाटलं, जणू माझंच म्हणणं कोणीतरी कायद्यात लिहिलं. आपल्याकडे असं बंधन नाही, आणि येईल तेव्हा येईल. पण 45 दिवस ही मुदत मी माझ्यापुरती कमी करून घेतलीय, ते खाली सांगतो.

त्याआधी मेहुण्याने सांगितलेली एक गोष्ट. तो कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. दिवाळीत आला तेव्हा मी घराबाहेर फारसा पडत नाही हे त्याच्या लक्षात आलं. म्हणाला, ‘दाजी, हे ऐका,’ आणि त्याने ऑस्ट्रियातल्या मारिएन्थालबद्दल सांगितलं. व्हिएन्नाजवळचं छोटं गाव, सगळं गाव एका कापड गिरणीवर पोसलेलं. 1929-30 च्या मंदीत गिरणी बंद पडली. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या संशोधकांनी तिथल्या लोकांचा अभ्यास केला आणि 1933 साली तो छापला. त्यांना दिसलं की हातात वेळच वेळ असूनही लोकांचं वाचन कमी झालं. वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली, तीही वर्गणी माफ केलेली असताना. त्यांनी घड्याळ लावून रस्त्यावरच्या माणसांची चाल मोजली. पुरुष हळू चालत होते, मध्येच थांबत होते. बायका भरभर चालत होत्या, कारण त्यांच्यामागे घरची कामं होतीच. पुरुषांनी खिशात घड्याळ बाळगणं सोडून दिलं होतं.

मी ऐकत होतो आणि अंगावर काटा येत होता. सकाळी दुधाला जाताना माझी चाल तशीच झाली होती. पेपर घरी यायचा, पण पहिल्या पानापुढे जात नव्हतो. शतकभरापूर्वीच्या परक्या देशातल्या गिरणी कामगाराला जे झालं तेच मला होत होतं, म्हणजे हा माझ्या स्वभावातला दोष नव्हता. काम गेलं की पगारासोबत दिवसाचा आकारही जातो. मेहुण्याने दुसरं काही समजावलं नाही, उपदेश केला नाही, आणि त्याचे मी मनापासून आभार मानतो.

तेव्हापासून काही गोष्टी ठरवून करतो. एक वही केलीय. कंपनी, जागा, कोणाशी बोललो, काय ठरलं, शेवटचं बोलणं कधी. मुलाखतीनंतर दहा कामाचे दिवस थांबतो आणि एक मेल पाठवतो. त्यात शेवटी स्पष्ट लिहितो: ‘निर्णय नकारार्थी असला तरी दोन ओळीत कळवावे, म्हणजे मला पुढचे ठरवता येईल.’ या एका ओळीने खरोखर फरक पडला. ‘काही अपडेट आहे का?’ याला लोक उत्तर देत नाहीत, कारण द्यायला अपडेट नसतं. नकार कळवायची मोकळीक दिली की काहीजण कळवतात. आणखी एक आठवडा गेला आणि काही आलं नाही, तर वहीत त्या ओळीवर रेघ मारतो. पुढे कधी त्यांचा फोन आला तर आनंदाने बोलेन, पण वाट बघणं तिथे संपलं. रेघ मारायला पहिल्यांदा हात उचलत नाही. बायको म्हणाली, ‘मी मारू का?’ पहिल्या दोन तिनेच मारल्या.

आणखी एक. एचआर गप्प असेल तर टेक्निकल राउंड घेणाऱ्या माणसाला विचारावं. भरतीचं विचारायचं नाही, कामाचं विचारायचं. रांजणगावच्या त्या साहेबांना मी मेसेज केला, ‘पोरोसिटीचं पुढे काय झालं?’ त्यांनी त्याच दिवशी उत्तर दिलं, व्हेंटिंग (साच्यातली हवा बाहेर काढायची वाट) बदलल्यावर कमी झालं म्हणून. नोकरीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. पण तासभर त्या पार्टभोवती उभं राहून जे बोललो ते खरं होतं, एवढं मला कळलं, आणि मला त्याची गरज होती.

संगमनेरला अण्णा रोज फोन करायचे. ‘त्या कंपनीचं काय झालं रे?’ एसटीत पस्तीस वर्षं कंडक्टर होते, त्यांच्या काळी पत्र यायचं, निवड झाली की नाही ते पोस्टमन सांगून जायचा. त्यांना हे कळेचना की तीन वेळा बोलावून कोणी काहीच कसं कळवत नाही. रोज ‘अजून नाही’ म्हणताना माझा घसा कोरडा पडायचा. शेवटी त्यांना सांगितलं, अण्णा, काही कळलं की पहिला फोन तुम्हालाच करीन, तोवर विचारू नका. ते गप्प झाले. आता फोन करतात तेव्हा धरणाचं पाणी, कांद्याचा भाव, असलं बोलतात. घरात कोणी नोकरी शोधत असेल तर त्याला रोज विचारू नका, एवढी विनंती सगळ्यांनाच करतो.

सध्या भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये आठवड्यातून तीन दिवस जातो. त्यांचं ग्राहकाचं ऑडिट जवळ आलंय, कंट्रोल प्लॅन आणि पीएफएमईए (कुठल्या टप्प्यावर काय चुकू शकतं आणि ते कसं तपासायचं याचे कागद) नीट करून हवे होते. दिवसाच्या हिशेबाने पैसे मिळतात, पूर्वीच्या पगाराच्या मानाने कमी. पण सकाळी आठला डबा घेऊन निघायचं असतं, आणि तिथली पोरं मायक्रोमीटर हातात घेऊन ‘सर, हे बघा ना’ म्हणतात. अर्ज उरलेल्या दिवशी करतो.

हे वाचणाऱ्यांत कोणी एचआरमध्ये असेल, किंवा माझ्यासारखं पॅनेलवर बसत असेल, तर त्यांच्यासाठी एक मजकूर लिहून ठेवतो. कॉपी करा, नाव बदला आणि ज्यांना तुम्ही गेटच्या आत बोलावलंत त्या सगळ्यांना पाठवा: ‘नमस्कार. आपण मुलाखतीसाठी वेळ काढून आलात याबद्दल आभार. या जागेसाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. आपली कागदपत्रे आम्ही पुढील भरतीसाठी ठेवू / काढून टाकू.’ शेवटच्या वाक्यातलं जे खरं असेल तेच ठेवा. निर्णय व्हायचा असेल तर तसं लिहा आणि पुन्हा कधी कळवाल ती तारीख टाका.