बारा वाजले!

लेकाकडे एडिंबरोला गेलो होतो, तेव्हा सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी तो आम्हाला ब्रेमारला घेऊन गेला. डोंगरातलं चिमुकलं गाव, पण त्या दिवशी हायलँड गेम्स, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले पारंपरिक खेळ, म्हणून जत्रेसारखी गर्दी. बाल्मोरलचा राजवाडा जवळच. १८४८ मध्ये व्हिक्टोरिया राणी इथले खेळ बघायला आली आणि राजघराण्याचा पायंडाच पडला. सौ.ना राजा बघायचा होता. मला धपाट्यांचा डबा कधी उघडतोय याची घाई.

मैदानात सगळं एकाच वेळी चालतं. इकडे बॅगपाइप, तिकडे गोळाफेक, भोवती धावण्याची शर्यत. कोणी कोणासाठी थांबत नाही. फळ्यांच्या मंचावर दोन तलवारी एकमेकींवर आडव्या ठेवून त्यांवरून मुली नाचतात. तलवारीला पाय लागला की गुण गेले. आठ-नऊ वर्षांची एक पोर पायरीपाशी ओठ हलवत पावलं मोजत होती आणि तिची आई अंबाड्यातून सुटलेली बट पिनेनं आत खुपसत होती. स्नेहसंमेलनाच्या विंगेत आमच्याकडेही आया हेच करतात.

मग ओंडका आला. त्याला केबर म्हणतात. इथला जवळजवळ वीस फूट लांब, साठेक किलोचा. किल्टमधला, म्हणजे तिथल्या पुरुषांच्या चुणीदार घागऱ्यातला, गडी खाली वाकला, बारीक टोक ओंजळीत घेतलं आणि ओंडका खांद्याला टेकवून उभा राहिला. वरचं जाड टोक डुलायला लागलं. तो डुलेल तिकडे गडी दोन पावलं सरकायचा, चिडलेल्या बैलाची समजूत काढावी तसा. मग धावला, गपकन थांबला आणि हात वर झटकले. जाड टोक जमिनीवर आपटलं, खालचं वर गेलं आणि ओंडका पलीकडे कोसळला. मी टाळ्या पिटल्या, "केवढा लांब गेला!"

शेजारचे आजोबा हसले. लांबी कोणी मोजतच नाही म्हणाले. पायापाशी सहा, समोर बारा, असं घड्याळ मनात धरायचं. ओंडका उलटून बरोब्बर बाराच्या दिशेला पडला तर सर्वोत्तम. अकरा किंवा एकला पडला तर कमी. म्हणून तर पंच गड्याच्या मागे मागे पळत होता! मला वाटलं होतं, बिचारा ओंडक्याला भिऊन मागे राहतोय.

हे मला फारच आवडलं. एवढी ताकद लावायची ती लांब फेकायला नाही, सरळ पाडायला.

पुढच्या दोघांचा ओंडका उलटलाच नाही, अर्ध्यातून मागे आला. तिसऱ्याचा मात्र क्षणभर उभा राहिला, विचार केल्यासारखा, आणि सरळ पुढे आडवा झाला. मी उठून ओरडलो, "बारा वाजले!"

सौ.नी दचकून डबा सावरला. "कोणाचे?"

आजोबांनीही अर्थ विचारला. मी म्हटलं, "परफेक्ट."

ते मान डोलावून ते दोन शब्द पुटपुटत राहिले. पुढचा गडी आला तेव्हा त्यांनीच आधी आरोळी ठोकली, "बाला वाझले!" त्याचा पडला साडेदहाला.